श्शऽऽ! अ‍ॅडमिशन चालू आहे

दिवसभर तोंड शिवून बसणाऱ्या माणसांकडे किस्से फार साठतात. बाकीच्या ऑफिसांत कसं, काही घडलं की तिथल्या तिथे हसून, भांडून, चार जणांना सांगून मोकळं होता येतं. आमच्या लायब्ररीत समोर कुणी खुर्चीवरून पडलं तरी आधी इकडेतिकडे बघायचं, तोंडावर रुमाल धरायचा आणि हसू संध्याकाळपर्यंत राखून ठेवायचं. संध्याकाळी बिट्टन मार्केटच्या टपरीवर चहा हातात आला की मग एकेक बाहेर पडतं. हल्ली त्यातले हसण्यासारखे कमी झालेत, पण सवय आहे म्हणून हसतो.

आम्ही म्हणजे तिघं. करंदीकर सर, इक्बालभाई आणि मी, शुभदा. भोपाळच्या साकेत नगरच्या बाजूला आमचं कॉलेज आहे. त्याच्या लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर बी.लिब.चा, म्हणजे लायब्रेरियन होण्यासाठीचा एक वर्षाचा कोर्स. सर त्याचे हेड. कोर्स त्यांनीच सुरू केला. सरांचे वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्याहून भोपाळला आले तेव्हा सर शाळेत होते, तरी अजून ते 'लायब्ररी' म्हणत नाहीत, 'ग्रंथालय' म्हणतात. मी इंदूरची. मी 'काल मी लवकर चालली गेली' म्हटलं की सर डोळे मिटून घेतात. इक्बालभाई जुन्या भोपाळचे, खाली काउंटर सांभाळतात आणि कुणालाही 'खाँ' म्हणतात, प्राचार्यांनासुद्धा.

मी सरांचीच विद्यार्थिनी. मग त्याच कोर्सवर शिकवायला लागले, पण पर्मनंट नाही. आमच्या मध्य प्रदेशात अशा माणसाला 'अतिथी विद्वान' म्हणतात. अतिथी अशासाठी की कधीही 'या आता' म्हणता येतं, आणि विद्वान अशासाठी की विद्वानाने कटकट करायची नसते!

गेल्या थंडीत प्राचार्य सक्सेना मॅडमनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. चहा पाजला. आमच्या कॉलेजात चहा पाजला की समजावं, काहीतरी वाईट आहे.

"करंदीकरजी, इस बार दस एडमिशन चाहिए," त्या म्हणाल्या. "नौ भी हुए तो मैं विभाग नहीं बचा पाऊँगी. ऊपर से ऑर्डर है."

सरांच्या रिटायरमेंटला एकच वर्ष होतं. कोर्स बंद झाला तरी त्यांना खालच्या मजल्यावर एक खुर्ची मिळालीच असती. माझं काय होणार ते केबिनमध्ये कुणी बोललं नाही. पाठीच्या ऑपरेशनपासून माझा नवरा घरीच असतो, हे सरांना माहीत होतं. जिना उतरताना ते म्हणाले, "शुभदा, काळजी करू नकोस. दहा मुलं म्हणजे काय, आपण गोळा करू. तुझी व्यवस्था लावल्याशिवाय मी जात नाही."

मी ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर तेव्हा मला धीर आला होता.

*

पहिली मोहीम एम. पी. नगरात. तिथे एका हॉलमध्ये करिअर मेळा होता. आमच्या डाव्या हाताला इंजिनिअरिंगच्या कोचिंगवाल्यांचा स्टॉल, त्यांचा माइक सकाळपासून बोंबलतोय. उजव्या हाताला एअर होस्टेस बनवणारी संस्था, गळ्यात लाल स्कार्फ घातलेल्या हसऱ्या मुली. मध्ये आम्ही तिघं, इस्त्री केलेल्या कपड्यांत, लग्नाला चुकीच्या हॉलमध्ये आल्यासारखे. शेजारी वॉटर कूलर होता. दुपारपर्यंत आमच्याकडे चांगली गर्दी होती, पण सगळी पाण्याला!

मग ईशा आली. ईशा म्हणजे सरांची लेक. उशिरा झालेली, एकुलती एक. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिथेच एम. पी. नगरात पी.एस.सी.च्या क्लासला जायची. क्लास बुडवून आली होती, पण वडिलांना म्हणाली, "क्लासचे सर आज आले नाहीत." तिने आमच्याकडे एकदा पाहिलं, बॅनरकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"बाबा, 'ग्रंथालय विज्ञान : एक उज्ज्वल भविष्य'? कोण वाचणार हे?"

तिने एक पुठ्ठा मागितला आणि त्यावर स्केच पेनने मोठं लिहिलं, 'कोई भी सवाल पूछो, मोबाइल से पहले जवाब देंगे'. आणि आम्ही पुस्तकांचे चार खोके नेले होते, ते उघडून बसली.

मी खोटं नाही सांगत, पंधरा मिनिटांत पोरं जमली. कुणी विचारतंय, उंट पाणी कुठे साठवतो. कुणी विचारतंय, भोपाळच्या बेगमा घोड्यावर बसायच्या का. ईशा पुस्तक उचलायची, मागची सूची बघायची, फटकन पान उघडून पोरांच्या नाकापुढे धरायची. पोरं मोबाइल बाहेर काढून शर्यत लावतायत, ओरडतायत, टाळ्या वाजवतायत. दोघी तर मला विचारायला लागल्या, "मैम, फीस कितनी है?" एअर होस्टेसच्या स्टॉलवरच्या मुलीसुद्धा येऊन उभ्या राहिल्या.

सर त्या वेळी पाठमोरे होते. स्टुलावर चढून बॅनरची सुटलेली दोरी बांधत होते. मागे गलका वाढला. सर चटकन वळले, बोट ओठांवर ठेवलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "श्शऽऽ!"

सगळा हॉल चिडीचूप! कोचिंगवाल्याने बोलता बोलता माइक खाली घेतला. आमच्यापुढची पोरं माना खाली घालून, चपलांचा आवाज न करता, एकेक करून निघून गेली. सर स्टुलावरच उभे. बोट अजून ओठांवर.

इक्बालभाई म्हणाले, "सर, जिंदगी में पेली बार अपने पास इत्ती भीड़ आई थी खाँ. आपने उसको भी चुप करा दिया!"

आम्ही हसलो. ईशा तर पोट धरून हसली. सर हसले नाहीत. परतताना ऑटोत म्हणाले, "आजपासून मी कुणालाही गप्प करणार नाही." आणि खरंच सोडलं त्यांनी. नंतर वाचनकक्षात पोरं मोबाइलवर गर्लफ्रेंडशी भांडायची, तरी सर खाली मान घालून बसायचे. बोट मात्र ओठांपर्यंत जायचं आणि मिशीवरून फिरून परत यायचं.

*

मग शाळा धरल्या. एका शाळेच्या मुख्याध्यापिका फारच उत्साही निघाल्या. म्हणाल्या, "कार्यक्रम लायब्ररीतच ठेवू ना, विषयाला साजेसा!"

आम्ही पोचलो तर लायब्ररीला कुलूप. किल्ली खेळाच्या सरांकडे, कारण लायब्ररीचा चार्ज त्यांच्याकडे. खेळाचे सर मतदार यादीच्या कामावर. बारावीची पोरं व्हरांड्यात रांगेत उभी, ऊन वाढतंय, मुख्याध्यापिका फोनवर फोन करतायत. शेवटी शिपायाने सांगितलं, "मैडम, कुंडी हिलाओ तो खुल जाती है." कडी हलवली. उघडली.

आत पुस्तकांचं एक कपाट होतं, त्याच्यापुढे कुस्तीच्या गाद्यांचा ढीग. बँडचे ढोल, बक्षिसांच्या ढाली, गेल्या वर्षीच्या नाटकातलं रावणाचं एक डोकं. सरांना बसायला जागा नव्हती, म्हणून गुंडाळलेल्या गादीवर बसवलं. रावणाच्या शेजारी बसून सर बोलले, "मुलांनो, ग्रंथालय हे शाळेचं हृदय असतं." म्हणजे बोलले हिंदीत, पण असं शुद्ध की पोरांना तेही मराठीच वाटलं असावं.

शेवटी प्रश्न विचारा म्हटलं. एका मुलाने हात वर केला. चेहरा हुशार. सर खूश.

"सर, ये कमरा कल भी खुला रहेगा क्या?"

सरांनी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. मुख्याध्यापिकांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई म्हणाला, "कल तो वेल्डिंग वाला आ रहा है, कुंडी ठीक करने."

*

ईशाच म्हणाली, नुसतं बोलून काय होणार? जुने विद्यार्थी दाखवा. पोस्टर करा. 'हे बघा, आमच्याकडे शिकलेले कुठे कुठे पोचले!'

कल्पना चांगली होती. पंचाईत अशी की कुठे कुठे पोचले ते आम्हालाच माहीत नव्हतं. फोन लावायला बसलो. एक विमा विकतो. एकाचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान. एक बँकेत चांगल्या हुद्द्यावर आहे म्हटल्यावर सरांचे डोळे चमकले. त्याला विचारलं, फोटो लावू का? तो इतका घाबरला की स्पीकरवर त्याचा श्वास ऐकू येत होता.

"सर, प्लीज! ससुराल में किसी को पता नहीं है कि मैंने बी.लिब. किया है!"

इक्बालभाई म्हणाले, "ऐसे के रिया हे जैसे जेल काटी हो."

शेवटी एक नाव सापडलं. नितेश. आमचा गोल्ड मेडलिस्ट. इतकी वर्षं शिकवलेल्यांत सर आजही ज्याचं उदाहरण देतात तो. कळलं की तो इथेच, एम. पी. नगरात, चक्क एका लायब्ररीत आहे! सर त्याच दिवशी निघाले. मीही गेले. वाटेत सर सांगत होते, हा मुलगा पुस्तकाचा विषय नुसता हुंगून ओळखायचा.

तिसऱ्या मजल्यावर काचेचं दार. आत थंडगार ए.सी. ओळीने लाकडी खोपटी, प्रत्येकात एक दिवा, एक चार्जिंगचा पॉइंट आणि परीक्षेची तयारी करणारं एकेक पोर. भोपाळात आता याला लायब्ररी म्हणतात, महिन्याची फी भरून बसायला जागा मिळते. नितेश धावत आला, सरांच्या पाया पडला. 'मॅनेजर' असा बिल्ला होता छातीवर. काम काय? तर सीटवर नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या, ए.सी. बघायचा, झोपलेल्यांना उठवायचं.

सरांनी चारी भिंतींवरून नजर फिरवली. मग हळूच विचारलं, "नितेश, किताबें?"

उत्तर मालकाने दिलं. तो काउंटरमागे बसला होता, माणूस वाईट नव्हता, आमच्यासाठी कोल्ड्रिंक मागवत होता.

"सर, किताबें रखेंगे तो सीटें कम हो जाएँगी ना!"

नितेश खाली बघत होता. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बिल्ला तिरका झाला होता तो सरळ केला आणि जिना उतरले. नितेशचा फोटो काही आम्ही लावला नाही.

मग पोस्टरवर कुणाचा लागला? माझा! 'सफल पूर्व छात्रा.' मी एकटीच उरले होते जी या कोर्समधून निघून या धंद्यात टिकली, आणि तीसुद्धा पाहुणी म्हणून. गेटजवळ पोस्टर लागलं. आठवडाभरात कुणीतरी मला पेनने मिशा काढल्या. इक्बालभाई म्हणाले, "मैडम, पोंछो मत खाँ. किसी ने पास जा के देखा तो सही."

*

पाडव्याला आमच्या इथल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम असतो. गाणी, श्रीखंड-पुरी, सगळं साग्रसंगीत. सरांनी अध्यक्षांना गळ घालून पाच मिनिटं मागून घेतली. भावगीत आणि जेवण यांच्या मध्ये.

भुकेल्या माणसांपुढे सर बोलले, आणि काय सुंदर बोलले! मी त्यांची विद्यार्थिनी आहे म्हणून नाही सांगत. माणसाला नेमकं काय हवंय ते त्याला स्वतःलाही सांगता येत नाही, ते ओळखून त्याच्या हातात ठेवणं म्हणजे ग्रंथपालाचं काम, असं काहीतरी.  टाळ्याही पडल्या. मग सूत्रसंचालक माइकवर आले.

"करंदीकर सरांनी फारच छान माहिती दिली. आता ज्या मुलांना खरोखर करिअर करायचंय, त्यांनी पलीकडच्या खोलीत या. बँकेच्या परीक्षांचं मार्गदर्शन आहे!"

पंगतीत माझ्या शेजारी एक बाई होत्या, भेल कारखान्याच्या कॉलनीकडच्या. मुलीसाठी स्थळं बघत होत्या. मला विचारलं, "तुमच्याकडे शिकून मुलं काय होतात हो?" म्हटलं, लायब्रेरियन. "ते असू दे," त्या म्हणाल्या, "पण करतात काय?"

मला राग आवरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हणणार होते काहीतरी, तेवढ्यात ईशा पुऱ्या वाढत आली. तिची बी.एस्सी.ची परीक्षा संपत आली होती. ती माझ्याकडे बघून हसली आणि समोरच्या ओळीत वाढणाऱ्या आईला म्हणाली, "आई, मीच करू का गं बी.लिब.? बाबांची एक अ‍ॅडमिशन तरी होईल."

काकूंनी श्रीखंड वाढता वाढता मान वर न करता सांगितलं, "आमच्या घरात एक आहे, तेवढा पुरे."

सगळी पंगत हसली. सरही हसले, जोरात. ईशा पुऱ्यांचं ताट घेऊन पुढे गेली.

*

हा पुढचा किस्सा इक्बालभाई सांगत नाहीत. मीच सांगते, आणि फार वेळा नाही सांगितलेला.

आमची लायब्ररी दुपारी बाहेरच्यांना खुली असते. सरांनीच भांडून ती सोय करून घेतली. मोठं हॉस्पिटल जवळ असल्यामुळे पेशंटबरोबरचे लोक येऊन बसतात, पेपर चाळतात, पंख्याखाली डुलकी काढतात. मे महिन्यात एक माणूस आला. बैतूलकडचा, शेतात राबणारा दिसत होता. काउंटरशी आला आणि म्हणाला, "दिल की किताब है?"

इक्बालभाईंना वाटलं शायरी. दोन पुस्तकं काढून दिली. त्याने उलटून पाहिली आणि परत ठेवली. गेला मात्र नाही. तिथेच उभा.

ईशा तेव्हा तिथे होती. परीक्षा संपली होती, पी.एस.सी.च्या क्लासला जायच्या आधी यायची. ती उठली, त्याला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "भैया, कौन भर्ती है?"

त्याची बायको होती. डॉक्टरांनी घाईघाईत कागदावर काहीतरी काढून दाखवलं होतं, ते त्याला कळलं नव्हतं, आणि सही मात्र करायची होती. ईशाने शाळेच्या मुलांचं शरीराचं चित्रांचं पुस्तक काढलं. हृदयाचं पान उघडलं. त्याच्या खिशातला तो कागद शेजारी ठेवला आणि बोट ठेवून ठेवून सांगत बसली, इथून रक्त येतं, इथे ही झडप आहे, ही नीट बंद होत नाही, ही ते बदलणार. जे तिला माहीत नव्हतं ते तिने सांगितलं नाही. एका कागदावर त्याला प्रश्न लिहून दिले, हे डॉक्टरांना विचारा म्हणून. तो माणूस चित्रावरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "इत्ता सा तो है." आणि रडला. ईशा नुसती बसून राहिली त्याच्याजवळ.

सर पुस्तकांच्या रॅकशी उभे होते. सगळं बघत होते. मला वाटलं आता हे तिच्या पाठीवरून हात फिरवतील. आयुष्यभर वर्गात जे शिकवत आले ते पोरीने न शिकता करून दाखवलं होतं. 

तो माणूस गेल्यावर सर तिच्यापाशी आले.

"ईशा, तुझा क्लास किती वाजता असतो?"

"बाबा, आज नाही गेले तर..."

"किती वाजता असतो?"

ती बॅग उचलून गेली. सरांनी ते चित्रांचं पुस्तक स्वतः जागेवर ठेवलं. त्यांना बराच वेळ लागला.

*

पाऊस लागला आणि अ‍ॅडमिशन सुरू झाल्या. आता खरं सांगते, पोरं आली! कशी आली ते विचारू नका. एकाला होस्टेलची खोली सोडायची नव्हती, म्हणून कुठल्यातरी कोर्सला नाव हवं होतं. एकीला वर्षभर लग्न लांबवायचं होतं, ती पेढे घेऊन आली. दोघांना बसचा पास. एक जण चुकून आला, त्याला पत्रकारिता हवी होती, पण खिडकीवर गर्दी होती आणि आमच्याकडे पंखा चालू होता. इक्बालभाईंनी त्याला चहा पाजून बसवून ठेवला आणि फॉर्म भरून घेतला. ते म्हणाले, "खाँ, मछली खुद जाल पूछते हुए आई हे, छोड़ूँ कैसे!"

असे नऊ झाले.

शेवटच्या दिवशी सकाळपासून आम्ही तिघं वाचनकक्षातल्या मोठ्या टेबलाशी बसून होतो. दार वाजलं की तिघांच्याही माना वळायच्या. कुणीतरी छत्री विसरलेला, कुणीतरी नळ कुठे आहे विचारणारा. इक्बालभाईंनी भाच्याला फोन केला, शेजारच्या पोराला केला, गेल्या वर्षीच्या नापासांना केला. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, यायला उशीर होईल. तो म्हणाला, "दहावा आला?" मी म्हटलं, येईल. सर मला दर थोड्या वेळाने म्हणत होते, "एकच राहिलाय शुभदा, येईल. एक तर येईलच."

चारच्या पुढे सक्सेना मॅडम स्वतः आल्या. त्यांचाही जीव वरखाली होत होता, उगाच कशाला नावं ठेवू. म्हणाल्या, "पाँच बजे पोर्टल बंद होगा. मैं यहीं बैठती हूँ. एक आ जाए, मैं अपने हाथ से चढ़ा दूँगी." आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "आपका रिन्यूअल भी तैयार रखा है, बस साइन करना है."

बाहेर पाऊस कोसळत होता. आत पंधरावीस पोरं अभ्यास करत होती. दोन कोपऱ्यात मोबाइलवर बोलत होती, मोठ्याने, पण सर त्यांना काही म्हणत नव्हते.

दार उघडलं. ईशा होती. भिजून चिंब झालेली. बॅग पोटाशी धरलेली. तिने ओढणीने हात पुसले, बॅगेतून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून बी.एस्सी.ची मार्कशीट. मार्कशीटवर मात्र एक थेंब पडला नव्हता. इक्बालभाई उभेच राहिले. सक्सेना मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.  मी मनात म्हटलं, देवा, पोरगी आली!

ती टेबलापाशी आली, सरांच्या अगदी समोर उभी राहिली. तिला धाप लागली होती, त्यामुळे असेल, पण जरा मोठ्यानेच बोलली. कोपऱ्यातली पोरंसुद्धा बोलायची थांबली.

"बाबा, दहावी मी. मला मनापासून करायचंय हे."

सरांनी मार्कशीटकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग तिच्याकडे वळले आणि बोट उचललं. या खेपेला ते मिशीवरून परत आलं नाही.

"श्शऽऽ!"

ती गप्प झाली. मीसुद्धा.